आयाळ: उपटावी, कापावी की राहू द्यावी?

पागावाले : डॉक्टर, घोड्याची आयाळ कात्रीने आडवी कापू नये, हे मी शर्यतीच्या तबेल्यात शिकलो, आणि त्यामागे नुसती रूढी नाही. आडवी कात्री चालवली की कड रेघ मारल्यासारखी सरळ येते, लांबी घटते, पण दाटी होती तेवढीच राहते. मग ती आयाळ ना एका बाजूला नीट पडत, ना तिच्या वेण्या घालता येत. हाताने उपटण्यात लांबी आणि दाटी दोन्ही एकदम कमी होतात. पाच-सहा केसांची बट चिमटीत धरायची, त्यातले सर्वांत लांब केस हातात ठेवून बाकीचे कंगव्याने उलटे मुळाकडे सारायचे, हातातले केस कंगव्याला गुंडाळायचे आणि एका छोट्या हिसक्यात ओढून घ्यायचे. केस घ्यायचे ते आतल्या थरातले. वरच्या थराला धक्का लावायचा नाही. असे मानेभर थोडे थोडे करत गेले की चार इंचांची, पातळ, उजव्या बाजूला पडणारी आयाळ तयार होते. टोके आपोआप कमीजास्त राहतात, म्हणून ती कापलेली वाटत नाही. स्पर्धेसाठी बारीक वेण्या घालून त्यांच्या गुंड्या बांधायच्या असतील तर अशीच आयाळ लागते.

पशुवैद्य : काका, रीत तुम्ही अचूक सांगितलीत, आणि हात तयार असेल तर परिणाम सुंदर दिसतो हेही मला मान्य आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. तो कापला तर घोड्याला काहीही दुखत नाही. पण केसाचे मूळ ज्या पिशवीत रुतलेले असते ती जिवंत असते आणि तिच्याभोवती संवेदना वाहणाऱ्या नसांचे जाळे असते. अंगावर माशी बसली तर घोडा तेवढाच कातडीचा तुकडा थरथरवून तिला उडवतो, इतकी त्याची त्वचा हळवी आहे. ती त्वचा माशीचे पाय ओळखते, पण मुळासकट निघणारा केस तिला जाणवत नाही, असे म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी उपटणाऱ्यावर येते. आणि आपण एकदोन केसांबद्दल बोलत नाही. दाट आयाळ पातळ करायची म्हणजे शेकडो वेळा तो हिसका द्यावा लागतो.

पागावाले : त्याला जाणवतच नाही, असे मी म्हणणार नाही. जाणवते, पण त्याचा त्याला त्रास होतो का, हा खरा प्रश्न. माझ्या हाताखाली डोळे अर्धे मिटून, खालचा ओठ सैल सोडून उभे राहणारे घोडे मी पाहिले आहेत. घोडे आपसांत काय करतात ते बघा. दोन घोडे समोरासमोर उभे राहून मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापाशी एकमेकांना दातांनी चांगले करकरून खाजवतात. १९९३ साली फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्या जागी खाजवले की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात दिसले. म्हणजे मानेवर जोराने हात चालणे ही घोड्याला परकी गोष्ट नाही. शिवाय जाणता मोतद्दार वेळ पाहून काम करतो. घोडा फिरवून आणला, अंग गरम आहे, तेव्हा केस सहज सुटतात. तो त्या उंचवट्याकडून सुरुवात करतो आणि कानांकडचा भाग शेवटी, अगदी बेताने घेतो. एका दिवसात सगळी मान उरकत नाही. रोज खरारा झाला की थोडे, असे आठवडाभर चालवतो. हळुवारपणा आणखी काय वेगळा असतो?

पशुवैद्य : त्या अभ्यासातून तुम्ही काढता तेवढे निघत नाही. तो खाजवण्याबद्दल होता, उपटण्याबद्दल नव्हता. आणि ठोके मंदावले ते घोडे एकमेकांना खाजवण्यासाठी जी जागा निवडतात तिथे. कानांमागच्या भागाला तो निष्कर्ष लावता येत नाही, आणि तो भाग जास्त हळवा असतो हे तुमची रीतही मानते, म्हणून तर तो शेवटी घ्यायचा. आता स्वस्थ उभे राहण्याबद्दल. घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपात दुखणे उघड करणारा जीव वाघ-लांडग्यांच्या नजरेत आधी भरतो, म्हणून घोड्याचे दुखणे ओरडून बाहेर पडत नाही, ते चेहऱ्यावर वाचावे लागते. २०१४ मध्ये संशोधकांनी त्यासाठी घोड्याच्या चेहऱ्यावरच्या वेदनेची एक मोजपट्टी मांडली. तिच्यात सहा खुणा आहेत : ताठ होऊन मागे गेलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्याच्या वरच्या भागातला ताण, ताठलेले चावण्याचे स्नायू, आवळलेले तोंड आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. यांपैकी एकाही खुणेला घोडा जागचा हलावा लागत नाही. तुम्ही पाहिलेले सैल ओठाचे घोडे खरेच निवांत असतील. पण पुष्कळ ठिकाणी घोडा आखूड दोरीने बांधलेला असतो, व्यायामाने दमलेला असतो, आणि तो हलला नाही एवढ्यावरून त्याला चालते असे गृहीत धरले जाते. जिथे वरच्या ओठाला दोरीचा फास आवळून आयाळ उपटतात, तिथे तर घोड्याने आपले उत्तर आधीच दिलेले असते.

पागावाले : त्या फासाबद्दल आपले दुमत नाही. जखम शिवायची असेल तर एक वेळ समजू शकतो. आयाळीसाठी ज्याला तो लागतो त्याने त्या घोड्याच्या मानेला हात लावू नये. पण कापण्याच्या बाजूचाही हिशेब मांडा. दाटी कमी करायची म्हणून लोक दातेरी कात्री मुळाजवळ चालवतात. महिन्याभरात ते आखूड केस ताठ वर येतात आणि वरच्या थराला उचलून धरतात, की सबंध आयाळ उभी राहते. मग पुन्हा कात्री, पुन्हा तीच तक्रार. आयाळ महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर वाढते. मुळातून निघालेल्या केसाला आधी नव्याने उगवावे लागते, मग लांबी गाठावी लागते. कापलेला केस मात्र दुसऱ्या दिवसापासून वाढतच असतो. म्हणजे कापणाऱ्याला घोड्याला वरचेवर धरावे लागते. घोड्याने मान झटकली तर कात्रीचे टोक डोळ्याजवळ असते. क्लिपर लावला तर त्याच्या आवाजाने नि थरथरीनेच काही घोडे बिथरतात. एकदोनदा नीट उपटून मोकळे होणे बरे, की दर महिन्याला हत्यार घेऊन मानेशी जाणे बरे? आणि एक विचारतो. घोड्याच्या वंशाची खात्री करायची असते तेव्हा तुम्ही डॉक्टर लोकही आयाळीचे केस मुळासकट उपटूनच नमुना घेता. तेव्हा ती पिशवी आणि ते नसांचे जाळे कुठे जाते?

पशुवैद्य : ते तिथेच असते आणि दुखतही असेल. पण तो नमुना मोजक्या केसांचा असतो, बहुधा जन्मात एकदाच घेतात, आणि तपासणीला लागणारा डीएनए मुळाशीच असतो, म्हणून मूळ लागतेच. त्याला पर्याय म्हणजे सुई टोचून रक्त काढणे. थोडक्यात, काम गरजेचे आहे आणि पर्याय याहून सौम्य नाही. आयाळ पातळ करताना या दोन्ही गोष्टी खऱ्या ठरतात का, एवढेच मला पाहायचे आहे. तुमचा ताठ केसांचा आक्षेप रास्त आहे. पण तो चुकीच्या कापण्यावरचा आक्षेप आहे. मुळाजवळ कापायचेच नाही. वरचा थर उचलून बांधून ठेवायचा, दातेरी कात्री आतल्या थरात, केसांच्या दिशेने उभी धरायची, मधल्या लांबीवर दोनचार वेळा मिटायची, कंगवा फिरवायचा, मागे सरून पाहायचे, मग पुढची बट. आडवी कात्री कधीच नाही. लांबी कमी करायला तर तुमचीच क्रिया शेवटच्या क्षणी बदलायची. लांब केस हातात, बाकीचे उलटे सारलेले. आता ओढण्याऐवजी उलटे सारलेले केस जिथे थांबतात तिथे क्लिपरचे जुने पाते किंवा कंगव्यातच बसवलेले पाते टेकवून तेवढी बट कापायची. टोके तशीच कमीजास्त येतात आणि मूळ जागचे हलत नाही. याला जास्त वेळा हात लावावा लागतो हे खरे. पण ज्या हाताने दुखत नाही तो हात वरचेवर आला म्हणून घोड्याचे काय बिघडते?

पागावाले : लांबीपुरते तुमचे पटते. थरोब्रेडची आयाळ मुळातच पातळ, तिथे तुमचे पाते पुरेल. दाटीचे काय? भरगच्च आयाळीच्या घोड्याला मधल्या लांबीवर कात्री मिटून किती फरक पडणार? मुळाशी गर्दी तेवढीच राहते आणि वेणी जाडच होते.

पशुवैद्य : पडतो तो फरक थोडाच, आणि मी तो वाढवून सांगणार नाही. भरगच्च आयाळ उपटल्याशिवाय चार इंचांची पातळ आयाळ होत नाही. पण मग ती तशी व्हायलाच हवी का? ती लांब ठेवून मानेच्या कडेकडेने एकच सलग वेणी घालता येते. ओली करून विंचरून एका बाजूला वळण लावता येते. लगामाचा पट्टा कानांमागे जिथून जातो तेवढीच जागा कापून मोकळी ठेवता येते. आखूड, पातळ आयाळ ही घोड्याची गरज नाही. ती ब्रिटिश शिकारी, लष्करी आणि प्रदर्शनी घोडेस्वारीतून आलेली एक आवड आहे, आणि पुण्या-मुंबईच्या तबेल्यांत ती छावण्या आणि रेसकोर्सबरोबर आली. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात मारवाडी आणि काठियावाडी घोडे पाहा. तिथे लांब आयाळ मिरवतात, तिला सजवतात. फ्रिजियन आणि अँडलुशियन घोड्यांची तर ती शानच. खुद्द ब्रिटनमध्ये डोंगराळ भागातल्या देशी पोनींची आयाळ प्रदर्शनातही नैसर्गिक ठेवतात. एकाच्या मानेवर जे वैभव, ते दुसऱ्याच्या मानेवर गबाळेपण कसे?

पागावाले : आवड म्हणून सगळेच मोडीत काढू नका. पोलोच्या घोड्याची आयाळ पार भादरतात ती शोभेसाठी नाही. धावत्या घोड्यावर एका हातात लगाम, दुसऱ्या हातात काठी; तिथे मोकळी आयाळ बोटांत किंवा काठीत अडकली तर माणूस आणि घोडा दोघेही कोसळतील. मणिपूरचा खेळ ब्रिटिशांनी उचलला, १८५९ मध्ये सिल्चरला क्लब निघाला, आणि जगभर पोलोबरोबर ही रीतही दिसते. तिचीही किंमत आहेच : भादरलेल्या मानेला माश्यांपासून आडोसा उरत नाही, आणि आपल्या हवेत तो आडोसा लहान गोष्ट नव्हे. तेव्हा माणसाच्या कामासाठी आयाळीला हात लागतो, हे आधी मान्य करा. दुसरे म्हणजे, नेटकी आयाळ ही सईसाच्या कामाची दिसणारी खूण असते. जो रोज आयाळ उलगडून पाहतो त्याला गोचीड, खरूज, लगामाने पडलेला घट्टा, मानेवरची सूज आधी सापडते. 'राहू द्या नैसर्गिक' म्हटले की तिच्या आड आळसही लपतो. गुंता होऊन जटा झालेली आयाळ काही घोड्याला सुखाची नसते.

पशुवैद्य : रोज उलगडून पाहायला कंगवा पुरतो, उपटावे लागत नाही. पोलोचे कारण मी मानते, कारण तिथे धोका खरा आहे आणि भादरताना मुळाला धक्का लागत नाही. माझा रोख फक्त नेटकेपणावर आहे, कारण त्या नावाखाली काय काय खपले याचा इतिहास आहे. ब्रिटनमध्ये घोड्याचे शेपूट हाडासकट तोडायची चाल होती. लगामात अडकते, चिखलाने माखते, अशी तिलाही कारणे होती. १९४९ च्या कायद्याने ती बंद झाली, आणि घोडे शेपटासकट नीट काम करत राहिले. तोंडावरचे स्पर्शाचे लांब केस तर कालपरवापर्यंत स्पर्धेआधी सर्रास भादरले जात. नाकासमोरचा चारा घोड्याला डोळ्यांनी दिसत नाही, तो या केसांनी चाचपतो. १ जुलै २०२१ पासून आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने असे केस काढलेल्या घोड्याला स्पर्धेत उतरायला मनाई केली. दोन्ही वेळा आधी नेटकेपणाचा युक्तिवाद होता.

पागावाले : तिन्ही गोष्टी एका तागडीत घालू नका. शेपूट तोडले की घोड्याचा अवयव गेला. आयुष्यभर माशी हाकलायचे साधन गेले. मिश्या भादरल्या की एक इंद्रिय तेवढ्या काळापुरते बंद झाले. आयाळीचे चार केस काढले तर घोड्याचे कायमचे काही जात नाही. क्षणाची चिमट असते. अशी चिमट आपण त्याला रोज कुठे ना कुठे देतो. तोंडात लोखंडी कडी घालतो, पाठीवर खोगीर आवळतो, दात कानशीने घासतो, सुया टोचतो. माणसासाठी घोड्याने काहीच सोसायचे नाही असे ठरवले तर रिकिबीत पायच ठेवता येणार नाही. तुमची रेघ नेमकी कुठे आहे?

पशुवैद्य : हीच गाठ सोडवली पाहिजे. दात घासणे आणि सुई टोचणे हे घोड्यासाठीच असते. कडी आणि खोगीर माणसासाठी असतात. पण त्यांच्याशिवाय नियंत्रण सुटले तर दोघांनाही धोका. म्हणून मी प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारते. हे कोणाच्या भल्याचे? याहून सौम्य पर्याय आहे का? आणि घोड्याला नको म्हणायला वाव आहे का? नुसत्या दिसण्यासाठी उपटणे पहिल्या दोन प्रश्नांतच अडते. तिसऱ्यावर तुमच्या निवांत घोड्यांना मी संधी देते. घोड्याला बांधू नका. त्याच्या खोलीत, समोर चारा टाकून, दोरी सैल सोडून उभा करा. दोनतीन बटा काढा आणि हात मागे घ्या. तो दूर सरतो की तिथेच राहतो? चारा खायचा थांबतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, दुसऱ्या दिवशी तोच कंगवा दिसल्यावर काय करतो? घोड्याची आठवण पक्की असते. आज सोसले ते तो उद्या सांगेल.

पागावाले : ही परीक्षा मला मंजूर आहे, पण तिच्यात एक खोच आहे. घोडा मान झटकतो आणि मी लगेच थांबतो, तर तो काय शिकला? मान झटकली की माणूस हटतो. उद्या त्याच मानेवरची जखम धुवायची असेल तेव्हा तो हेच करील, आणि नव्या पोराच्या तोंडावर त्याचे डोके आदळेल. म्हणून थांबायचे ते घोडा शांत असताना, तो कंटाळण्याच्या आधी. हे ज्याला जमते त्याच्या हातून उपटणेही हळुवार होते. ज्याला जमत नाही त्याच्या हातात तुमचे पातेही घोड्याला डोके टाकायला शिकवते. हळुवारपणा हत्यारात नसतो.

पशुवैद्य : तो कसबात असतो हे बरोबर, पण फक्त कसबात नसतो. कसबी हाताने दिलेली वेदना कमी होते, ती अनाठायी असेल तर रास्त होत नाही. मात्र थांबण्याच्या वेळेबद्दल तुम्ही म्हणता ते मी जसेच्या तसे घेते. घोड्याने ओरडून नको म्हणावे इथवर नेणे हेच अपयश. कान जरा मागे गेला, पापणी आवळली, मान कडक झाली, इथेच ते ऐकले तर झटकण्याची वेळ येत नाही.

पागावाले : ते ऐकायला वेळ लागतो, डॉक्टर, आणि मला सर्वांत जास्त बोचते ते इथे. एकेका सईसाकडे अनेक घोडे असतात. पहाटे व्यायाम, मग खरारा, चारा, पट्ट्या, लीद काढणे. त्यात आयाळीला अर्धा तास मिळतो, तोही स्पर्धा तोंडावर आली की. आयाळ कशी दिसावी हे त्याने ठरवलेले नसते. मालकाने, प्रशिक्षकाने, परीक्षकाने ठरवलेले असते. तुमची सैल दोरी, आठवडाभराची थोडी थोडी बट, दुसऱ्या दिवसाची परीक्षा, या सगळ्याची किंमत मोजणार तो. आणि आयाळ नेटकी झाली नाही तर बोलणी खाणारही तोच.

पशुवैद्य : तुमच्या सगळ्या आक्षेपांत हा मला सर्वांत जड वाटतो. म्हणून माझी मागणी सईसाकडे नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत आयाळ उपटलीच पाहिजे असे कुठे लिहिलेले नाही. अपेक्षा पाहणाऱ्यांच्या नजरेत आहे. परीक्षकांनी लांब आयाळीच्या सलग वेणीला तितकेच नेटके मानले, तर नियम न बदलताही निम्मे काम होईल.

पागावाले : आणि तोवर तुम्ही पात्याने अगदी उपटल्यासारखी दिसणारी आयाळ करून देणार. परीक्षक पाहणार, खूश होणार, त्याची नजर आहे तशीच राहणार. म्हणजे तुमच्या दयेनेच जुनी आवड टिकेल. मग ज्याच्याकडे पाते नाही, वेळ नाही, ज्याच्या घोड्याची आयाळ भरगच्च आहे, तो तीच आवड पुरी करायला उपटत राहील. तुम्हाला घोड्याचे दुखणे थांबवायचे आहे, की आमची आवड बदलायची आहे?

पशुवैद्य : आजच्या घोड्यासाठी दुखणे थांबवायचे आहे, म्हणून मी पाते वापरीन. पण तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे, आणि तो मी मोजला नव्हता असे नाही; त्यावर माझ्याकडे पुरे उत्तर नाही. कदाचित दोन्ही एकाच वेळी करावे लागेल : हात सौम्य करायचा, आणि भरगच्च आयाळीपुरते मालकाला स्पष्ट सांगायचे की ही अशीच राहील.

पागावाले : माझेही सांगतो. ज्या घोड्याने कंगवा पाहून मान वळवली, त्याच्यासाठी मी पाते घेईन. जो माझ्या हाताखाली सैल उभा राहतो, त्याचे केस मी उपटीन, आणि तुम्ही चूक म्हटलेत तरी मला ते पटणार नाही.

पशुवैद्य : मग त्याची परवानगी दर वेळी नव्याने घ्या, एवढे तरी माना. गेल्या वर्षीचा निवांत घोडा या वर्षी निवांत असेलच असे नाही.

पागावाले : मानले. पण स्पर्धा उद्यावर आली आहे, आयाळ अर्धी झाली आहे, आणि घोडा आज नको म्हणतो. त्या वेळी सईसाने काय करायचे?

पशुवैद्य : थांबायचे, आणि मालकाला सांगायचे की उद्या घोडा असाच जाईल. घोड्याचा नकार मोजला जावा असे आपल्याला वाटत असेल, तर त्याच्याशेजारी उभ्या माणसाला नकार देता आला पाहिजे.

पागावाले : आणि तसे सांगितल्यावर त्याची नोकरी राहील, याची हमी कोण देणार? ती मी माझ्या पागेपुरती देऊ शकतो. बाकीच्यांचे काय, हे तुमच्या तीन प्रश्नांच्या पुढचे चौथे आहे, आणि मला वाटते सुरुवात तिथूनच करायला हवी.